रक्तातलं अनोळखी आम्ल

मी सुषमा. वय सत्तेचाळीस. राहायला घोडपदेवला, आणि नायगावच्या एका बालवाडीत गेली अठरा वर्षं शिकवते. हे लिहून काढा असं मला नेर्लेकर मॅडमनी सांगितलं. त्या माझ्या डॉक्टर. म्हणाल्या, "तुम्हाला झालं ते फार थोड्या लोकांना होतं. पण ज्यांना होतं, त्यांच्या घरच्यांना वाटतं की माणूस पिऊन आलंय, नाहीतर वेडं झालंय. एखाद्याच्या वाचनात आलं तर उपयोग होईल."

आमच्या घरात दारूचाही संशय आला होता आणि वेडाचाही. त्याशिवाय आणखी एक संशय होता, तो सांगायला मला आजही थोडं अवघड वाटतं. पण लिहायचंच तर सगळं लिहिते.

ऑपरेशन

मार्गशीर्षात एका सकाळी माझ्या पोटात कळ आली आणि ती थांबेचना. परळच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत मी अर्धी शुद्धीवर होते. आतड्याला पीळ पडून त्याचं रक्त बंद झालं होतं. पोट उघडलं तेव्हा लहान आतड्याचा बराच मोठा भाग काळा पडला होता. तो काढून टाकला. मोठं आतडं वाचलं.

सर्जनने आमच्या ह्यांना, म्हणजे विलासना, बाहेर बोलावून सांगितलं, "वाचल्या. पण आता खाणं सांभाळायचं. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा." त्यातलं "वाचल्या" एवढंच आम्ही नीट ऐकलं.

घरी आल्यावर जो भेटायला येईल तो पोटाला मऊ आणि थंड म्हणून काहीतरी घेऊन यायचा. पेज, गुरगुट्या भात, खीर. सगळ्यांत जास्त दहीभात. वाटीभर खायचे, पुरेसं व्हायचं. जुलाब व्हायचे, केस गळले, पण फाल्गुनापर्यंत मी उठून बालवाडीत जायला लागले. मुलं म्हणाली, "बाई, तुम्ही छोट्या झालात." मी हसले. वाटलं, संपलं एकदाचं.

सासूबाईंचं वर्षश्राद्ध

माझ्या सासूबाई त्याच्या आधीच्या आषाढात गेल्या. अर्धांगाचा झटका येऊन दोन वर्षं अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांचं सगळं मीच केलं. त्यांची जीभ जड झाली होती. बोलल्या की शब्द एकमेकांना चिकटून यायचे, आणि ते फक्त दोघींना कळायचे, मला आणि त्यांच्या लेकीला. लेक म्हणजे शैलाताई, विलासची मोठी बहीण, चिंचपोकळीला असते. सासूबाईंना माझं नाव धड घेता यायचं नाही. मधला 'ष' गिळून त्या 'शुमा' म्हणायच्या.

वर्षश्राद्धाला शैलाताईंनी सकाळपासून स्वयंपाक केला. भात, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, तांदळाची खीर. मला त्यांनी दुसऱ्यांदा वाढलं. मी हात आडवा धरला तर म्हणाल्या, "आयेच्या नावाचा जेवान आसा. नाय म्हणा नको." मीही खाल्लं. सात महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर जेवले. बरं वाटलं.

दोन-अडीच तासांनी मी मोरीत भांडी घासत होते. एकदम लादी डावीकडे कलली. खरं तर मी कलले होते. हातातलं पातेलं सुटलं. शैलाताई मागे उभ्या होत्या. मला म्हणायचं होतं, "ताई, मला धरा." डोक्यात वाक्य अगदी स्वच्छ होतं. तोंडातून आलं ते, "थाई, मना धला."

शैलाताईंचा पुढे आलेला हात तिथेच थांबला.

"परत बोल बघू," त्या हळूच म्हणाल्या.

मी परत बोलले. परत तसंच.

त्या माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हत्या. माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला, त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडून म्हणाल्या, "आये?"

विलास धावत आले. मला धरून खाटेवर बसवलं. शैलाताई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि भावाला म्हणाल्या, "ही सुषमा बोलणा नाय रे. ही आये बोलता."

मला ओरडून सांगायचं होतं की मीच आहे. पण जितकं बोलायला जावं तितका त्यांचाच आवाज निघत होता. आणि श्वास. तो मला सगळ्यात जास्त आठवतो. मला धाप लागलेली नव्हती, गुदमरत नव्हतं. पण छाती भात्यासारखी वरखाली होत होती, खोल, जोरात, एका लयीत. मी तो श्वास थांबवून बघितला. थांबेना. कुणीतरी माझ्या छातीतून स्वतःसाठी श्वास घेतंय असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठणठणीत होते. "उन्हाने झालं असेल," मी म्हटलं. आषाढात कसलं ऊन?

तोंड उघड

पुढची वेळ नारळी पौर्णिमेची. नारळीभात झाला, दुपार झाली, आणि मी जिन्यातून उतरताना कठड्याला धरून झुलायला लागले. शेजारची बाई खालून वर येत होती, ती मला वाट द्यायला भिंतीला चिकटली. वास घेत होती, हे मला कळलं.

घरात विलासनी दार लावलं. ते लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात. माणूस शांत, एखाद्या मशीनचं काही बिघडलं तर आधी ऐकून घेणारा. माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "तोंड उघड."

"काय?" मी म्हटलं, पण ते काहीतरी वेगळंच ऐकू आलं असणार.

"सुषमा, तोंड उघड जरा."

मी उघडलं. त्यांनी वास घेतला. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. त्यांनी परत एकदा वास घेतला. काही आलं नाही. त्याने त्यांना बरं वाटायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा आणखीच घाबरला.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून ताकदीच्या गोळ्या दिल्या, आणि पोटासाठी चांगल्या जंतूंच्या कॅप्सूल. दही भरपूर खा म्हणाले. मी भरपूर खायला लागले.

वार

श्रावण संपता संपता बालवाडीत एका मुलीचा वाढदिवस होता. तिच्या आईने सगळ्यांसाठी शिरा आणला होता. मी घरून दहीपोहे खाऊन निघाले होते, त्यावर दोन वाट्या शिरा खाल्ला.

साडेअकराला मुलांना सोडायच्या आधी आम्ही रोज वार म्हणतो. मी एक वार म्हणायचा, मुलांनी मागून म्हणायचा. बावीस मुलं गोल करून बसली होती. मी सुरू केलं. सोमवार. मंगळवार. मुलं मागून म्हणत होती. बुधवारपाशी मला काहीतरी खटकलं. मुलं चुकीचं म्हणत होती. "शोमवाल, मंगलवाल, बुढवाल." सगळी एका सुरात, तोंडं वाकडी करून, जीभ जड करून. मला वाटलं चिडवतायत. मी रागवायला तोंड उघडलं आणि मग लक्षात आलं, ती फक्त मी म्हणतेय तसं म्हणत होती. बावीस कोवळ्या तोंडांतून माझ्या सासूबाई वार म्हणत होत्या.

मी गप्प झाले. मुलं पुढच्या वाराची वाट बघत माझ्याकडे बघत राहिली. एका मुलीने माझ्यासारखा खोल श्वासही घ्यायला सुरुवात केली होती.

मुलांना न्यायला आलेल्या आया दारात उभ्या होत्या. संध्याकाळी आमच्या मुख्य बाईंचा फोन आला. "सुषमा, काही दिवस सुट्टी घे. पालक बोलतायत." मग जरा थांबून, "घरी काही त्रास आहे का गं? मन मोकळं करायचं असेल तर कर." मी काय मोकळं करणार? मला आयुष्यात पहिल्यांदा मुलांची भीती वाटली होती.

व्हिडिओ

गणपतीत आमच्याकडे मोदक झाले आणि परत तेच झालं. दुसऱ्या दिवशी माझी मुलगी तन्वी, ती कॉलेजात आहे, माझ्याजवळ येऊन बसली. "मम्मी, एक दाखवायचंय. चिडू नकोस."

तिने मोबाईलवर काढलेलं होतं. आमच्याच खाटेवर एक बाई बसलीय. माझा गाऊन, माझी माळ. ती पुढेमागे झुलतेय आणि मोठ्याने श्वास घेतेय. तन्वीचा आवाज येतो, "मम्मी, तुझं नाव काय?" बाई थोडा वेळ विचार करते. मग म्हणते, "शुमा." आणि हसते.

मला ते हसणं आठवत नव्हतं. हसल्याचंच आठवत नव्हतं.

"डॉक्टरला दाखवायला काढलंय गं," तन्वी म्हणाली. त्या आठवड्यापासून ती माझ्याबरोबर घरात एकटी थांबेनाशी झाली. अभ्यासाला मैत्रिणीकडे जाते म्हणायची. मी कधी तिला अडवलं नाही. मला शक्य असतं तर मीही माझ्याबरोबर एकटी थांबले नसते.

दहीभात

मग पितृपक्ष लागला. शैलाताई आल्या आणि भावाला म्हणाल्या की आईचं काहीतरी राहिलंय. दोन वर्षं अंथरुणात गेली, शेवटी दहीभात मागितला होता आणि डॉक्टरांनी नको म्हटलं म्हणून दिला नाही. तो राहिलाय. तीन दिवस तिच्या नावाने दहीभात ठेवायचा, कावळ्याला घालायचा, आणि उरलेला सुषमाने खायचा. साखर घालून.

विलासनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "करूया."

लोकांना वाटेल, शिकलेली बाई असून कशी तयार झाली. सांगते. तुमच्या तोंडून दुसऱ्याचा आवाज यायला लागला, की शिक्षण कुठे राहतं ते मला विचारा. आणि शैलाताईंच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना त्यांची आई शांत करायची होती, आणि मला मोकळं. भात कालवताना त्या रडत होत्या.

पहिल्या दिवशी मी थोडी झुलले. दुसऱ्या दिवशी दुपारी माणसं दोन-दोन दिसायला लागली. शैलाताई म्हणाल्या, जाताना असाच त्रास देतात. तिसऱ्या दिवशी मी वाडगाभर दहीभात खाल्ला. त्यानंतरचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. गॅलरीतलं कडक ऊन. दोरीवरचे कपडे हलत होते आणि वारा नव्हता. शैलाताई माझे दोन्ही खांदे धरून विचारत होत्या, "आये, आता जाशील ना?" आणि मी उत्तर देत होते. काय, ते मला माहीत नाही. शैलाताईंनी मला ते आजवर सांगितलेलं नाही.

तन्वीने टॅक्सी आणली. ती आत्यावर ओरडली म्हणे, "बास झालं आता!" आमच्या घरात मोठ्यांवर असं कुणी ओरडलेलं नव्हतं.

हॉस्पिटल

इथून पुढचं थोडं मला आठवतं, थोडं तन्वीने सांगितलंय.

अपघात विभागात पहिला प्रश्न विलासना, "पितात का?" विलास म्हणाले, "नाही." दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "मला तरी माहीत नाही." हे मी ऐकलं. डोळे मिटलेले होते, पण ऐकलं.

मग मनगटातून रक्त घेतलं. हे नेहमीसारखं रक्त घेणं नाही. नाडी लागते तिथली धमनी शोधून सुई उभी आत घालतात. आधी सांगते, दुखतं. हाडापर्यंत दुखतं. पण एक मोठी चांगली गोष्ट झाली. सुई काढल्यावर तिथे पाच मिनिटं दाबून धरावं लागतं, आणि तिथल्या सिस्टरने ते बोळा चिकटवून उरकलं नाही. स्टूल ओढून बसली आणि अंगठ्याने माझं मनगट धरून ठेवलं. दोन महिन्यांत मला न घाबरता कुणी एवढा वेळ हात लावला नव्हता.

रक्त बर्फात ठेवून पळवत नेलं. थोड्या वेळाने एक लांब, अरुंद कागद आला. तो वाचत नेर्लेकर मॅडम आल्या. चष्मा, बारीक अंगलट, आवाज शांत. त्यांनी मला विचारलं, "सुषमाताई, आठवड्याचे वार उलटे सांगता येतील?"

रविवार. पुढे मला काही येईना. आणि जे आलं असतं ते मला ऐकायचं नव्हतं. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. मॅडमनी जबरदस्ती केली नाही.

डोक्याचा फोटो चांगला आला. रक्तातली दारू शून्य. विलास भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तन्वी म्हणते, पप्पा रडत होते.

मधे कोण बसलंय

मॅडमनी हातमोज्यांच्या खोक्याचं झाकण फाडलं आणि माझ्या पलंगाच्या कडेला बसून त्यावर आकडे लिहिले. विलास, तन्वी आणि शैलाताई भोवती उभे. मॅडम अर्ध्या आमच्याशी, अर्ध्या स्वतःशी बोलत होत्या.

"हा पहिला आकडा. सात पॉइंट चारच्या आसपास हवा. यांचा सात पॉइंट चोवीस. म्हणजे रक्तात आम्ल वाढलंय."

"एवढासाच फरक?" विलास म्हणाले.

"या मापात एवढासा फरक खूप मोठा असतो. आता हे आम्ल आलं कुठून? फुफ्फुसं कमी पडली असती तर कार्बन डायऑक्साइड साठला असता. यांचा तर उलट कमी झालाय. म्हणजे फुफ्फुसांचा दोष नाही. ती मदतीला धावलीत. बघा कशा श्वास घेतायत त्या. आम्ल बाहेर टाकतायत."

मी ते ऐकलं. म्हणजे तो श्वास माझाच होता. माझ्यासाठीच होता. एवढं एक वाक्य मी त्या दिवशी पूर्ण धरून ठेवलं.

"बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल जिरवणारा क्षार, निम्म्याहून कमी झालाय. आता बाकीचे क्षार घेऊ. सोडियम या बाजूला. क्लोराइड आणि बायकार्बोनेट त्या बाजूला. दोन्हींत थोडं अंतर प्रत्येकाच्या रक्तात असतं. दहा-बारा. यांच्यात सव्वीस आहे." मॅडमनी मधे गोल काढला. "म्हणजे इथे मधे कुणीतरी बसलंय, जे आम्ही मोजलेलं नाही."

शैलाताई पलंगाच्या पायथ्याशी होत्या. त्या पुढे सरकल्या. "कोण बसलंय?"

"तेच शोधतेय," मॅडम म्हणाल्या.

साखर बिघडून होणारं आम्ल नव्हतं. मूत्रपिंडं चांगली होती. दारू नाही, विष नाही. राहिलं लॅक्टिक आम्ल, तर तेही यंत्राने अगदी व्यवस्थित, म्हणजे नेहमीइतकंच, दाखवलं होतं. मॅडम थोडा वेळ त्या रिकाम्या गोलाकडे बघत राहिल्या. मग पोट तपासायला त्यांनी माझा गाऊन वर केला आणि थांबल्या. छातीपासून खालपर्यंत गेलेला टाक्यांचा वण.

"हे कसलं ऑपरेशन?"

विलासनी दारातच सांगितलं होतं की ऑपरेशन झालंय. कसलं, हे कुणी विचारलं नव्हतं. आता त्यांनी सगळं सांगितलं. मॅडमचा आवाज बदलला. "असं बोलणं पहिल्यांदा झालं कधी? दिवस आठवतात?"

विलासना आठवेना. तन्वीला दोन आठवले. तेव्हा शैलाताई बोलल्या. त्यांच्याकडे सगळे दिवस होते, एकही न चुकता. आईचं वर्षश्राद्ध. नारळी पौर्णिमा. बालवाडीत झालं त्या दिवशी अवस होती. गणपतीचा पहिला दिवस. आणि पितृपक्षातले हे तीन.

"बघा ना मॅडम," त्या म्हणाल्या, "पुनव, अवस, सण, पितर. सगळे तिचेच दिवस. तिच्याशिवाय दुसरं काय असणार?"

मॅडमनी हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी विचारलं, "ताई, प्रत्येक दिवशी यांनी काय खाल्लं, तेही आठवतं?"

शैलाताई सांगत गेल्या. भात, खीर. नारळीभात. शिरा. मोदक. दहीभात, दहीभात, दहीभात. सांगता सांगता त्यांचा आवाज खाली खाली गेला. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

आरशातलं

मॅडमनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. लहान आतडं उरलंच कमी, त्यामुळे जास्त भात किंवा गोड खाल्लं की ते पचायच्या आत मोठ्या आतड्यात जातं. तिथले जंतू ते आंबवतात आणि एक आम्ल तयार करतात. तेही लॅक्टिक आम्लच, पण आपल्या शरीरात नेहमी बनतं त्याचं आरशातलं रूप. उजव्या हाताच्या जागी डावा. हॉस्पिटलचं यंत्र फक्त उजवा हात ओळखतं. डावा समोर बसलेला असला तरी यंत्र म्हणतं, कुणी नाही. ते आम्ल मेंदूपर्यंत पोहोचलं की जीभ जड होते, तोल जातो, माणूस प्यायल्यासारखं वागतं. आम्ल उतरलं की माणूस परत स्वतःचं होतं.

"आणि दह्यातल्या जंतूंनी भर घातली असणार," मॅडम म्हणाल्या. "त्या कॅप्सूलही बंद. दही पूर्ण बंद."

शैलाताईंनी ते ऐकलं. पर्स उचलली आणि वॉर्डाबाहेर गेल्या.

आरशातल्या रूपाची तपासणी इथे होत नव्हती. रक्त बाहेरच्या लॅबला पाठवलं, पण मॅडमनी रिपोर्टची वाट बघितली नाही. दोन दिवस तोंडाने अन्न बंद. सलाईनमधून क्षार. आतड्यातले जंतू कमी करायच्या गोळ्या. दर काही तासांनी ती मनगटातली सुई आणि तो अरुंद कागद. मॅडम येऊन आकडा मोठ्याने वाचायच्या. सात पॉइंट एकोणतीस. सात पॉइंट चौतीस. श्वास हळूहळू उथळ झाला आणि मला कळलं की मी तो विसरलेय. श्वास विसरता येणं हे केवढं सुख आहे.

तिसऱ्या सकाळी आयाबाई फरशी पुसत होती. मी म्हटलं, "मावशी, जरा खिडकी उघडता का?" आणि दोन्ही हात तोंडावर ठेवले. सगळे शब्द आपापल्या जागी होते. मावशींना काय कळणार? त्यांनी खिडकी उघडली आणि पुढच्या पलंगाखाली फडकं घातलं. मी मग हळूच सोमवारपासून रविवारपर्यंत म्हणून बघितलं. शेजारच्या पलंगावरची आजी टक लावून बघत होती.

तपासणीचा कागद दहा दिवसांनी आला. मॅडमनी म्हटलं तेच होतं.

घरी

शैलाताई चार दिवस हॉस्पिटलात आल्या नाहीत. पाचव्या दिवशी दुपारी आल्या, हातात डबा. पलंगावर बसून त्यांनी डबा उघडला. सुरमईची तुकडी आणि वर पातळ तिखलं, आमच्याकडचं तिखट कालवण. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भात आणूक नाय."

मी त्यांचा हात धरला. तो थंड होता.

"तुमचे दिवस नसते तर मॅडमना सापडलं नसतं," मी म्हटलं. हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोलले नाही, ते खरंच आहे. त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. जाताना दारात त्यांना मॅडम भेटल्या, तेव्हा शैलाताईंनी विचारलेलं मी ऐकलं. "मॅडम, म्हणजे मशीनला दिसलं नाही तरी असू शकतं ना?"

"असू शकतं," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर शोधावं लागतं."

शैलाताईंनी त्यातून काय घेतलं ते मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

आता मी थोडं थोडं खाते, सहा वेळा. भात दोन घास. गोड नाही, दही नाही. मधूनमधून त्या गोळ्यांचा कोर्स असतो. डिस्चार्जनंतर दीड महिन्याने बालवाडीत गेले. मुख्य बाईंनी पालकांना बोलावून मॅडमचं पत्र वाचून दाखवलं. एक आई येऊन माझ्या पाया पडली. मला ते नको होतं. तन्वी आता घरीच अभ्यास करते. तो व्हिडिओ तिने पुसायचा का विचारलं, मी ठेव म्हटलं. कुठल्या डॉक्टरला लागला तर?

तुमच्या घरी कुणाचं आतड्याचं मोठं ऑपरेशन झालं असेल आणि तो माणूस जेवणानंतर काही तासांनी बरळायला लागला, झुलायला लागला, तर त्याचा वास घेऊ नका. त्याला हॉस्पिटलात न्या, ऑपरेशनचं आधी सांगा, आणि त्याने काय खाल्लं ते सांगा. धमनीतलं रक्त तपासायला सांगा. आणि एखाद्या आकड्याला 'व्यवस्थित आहे' म्हणाले तरी विचारा, मग मधे कोण बसलंय?

शेवटचं एक. मागच्या महिन्यात एका रविवारी मी आणि विलास दुपारचे घरात दोघंच होतो. मी भाजी निवडत होते. ते माझ्यासमोर बसले होते.

"सुषमा, एक सांगायचंय," ते म्हणाले. "श्रावणात तू बालवाडीत गेलीस की मी कामावर उशिरा जायचो. घर शोधायचो. माळा, तांदळाचा डबा, तुझ्या साड्यांच्या मधे. बाटली असेल म्हणून. मला माफ कर."

मी देठ मोडत राहिले. "सापडली?"

"नाही गं."

"मलाही नाही सापडली," मी म्हटलं.

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग ते उठून माझ्याजवळ जमिनीवर येऊन बसले.

"तुम्ही कामावर गेलात की मी शोधायचे," मी सांगितलं. "मीच कुठेतरी लपवून ठेवलीय, आणि कुठे ते मला आठवत नाहीये, असं वाटायचं."